पोलाद कापणारी टिप आणि ती वापरणारा माणूस



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. धर्म, इतिहास, वाङ्मय, अर्थकारण या विषयांना अशा व्यासपीठावर मानाची जागा असते. आज मी जो विषय आपल्यापुढे मांडणार आहे तो काड्यापेटीत मावेल एवढा लहान आहे. लेथवर पोलाद कापणारा कार्बाइडचा तुकडा, ज्याला कॅटलॉगात ‘इन्सर्ट’ म्हणतात आणि कारखान्यात आपण नुसते ‘टिप’ म्हणतो, तो कसा निवडावा आणि कसा वापरावा, हा तो विषय. सभेत शिक्षक आहेत, वकील आहेत, व्यापारी आहेत, गृहिणी आहेत. “आम्हांला याचे काय?” असे कोणी मनात म्हणाले तर त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण थोडा वेळ द्यावा, एवढीच विनंती आहे.

पेणच्या वर्कशॉपमध्ये भाताच्या गिरणीचा शाफ्ट येतो, ट्रॅक्टरची पिन येते, धरमतरच्या खाडीतल्या होडीचा पंख्याचा दांडा येतो. रोह्याजवळ धाटावच्या वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तेथील पंप आम्ल ओढतात, म्हणून त्यांचे शाफ्ट आणि स्लीव्ह स्टेनलेस पोलादाचे असतात आणि ते झिजले की लेथवर यावेच लागतात. डोलवीला पोलादाचा अवाढव्य कारखाना आहे. या सर्व ठिकाणी आपलीच मुले काम करतात. त्यांच्या हातातल्या हत्याराची अक्षरओळख गावाला असू नये, हे बरे नव्हे.

प्रथम ही टिप म्हणजे काय ते पाहू. टंगस्टन नावाचा धातू आणि कार्बन यांचा संयोग होऊन टंगस्टन कार्बाइड होते. त्याची पिठासारखी बारीक पूड करतात, तीत बहुधा शेकडा ६ ते १२ भाग कोबाल्ट मिसळतात, साच्यात दाबतात आणि सुमारे १४०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत शेकतात. कोबाल्ट वितळून कणांना एकमेकांशी बांधतो आणि तुकडा लांबीत सुमारे सहाव्या हिश्शाने आखडतो. पेणच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. शाडूची मूर्ती वाळताना आखडते आणि त्याचा अंदाज कारागिराला आधीच घ्यावा लागतो, हे येथे घरोघरी ठाऊक आहे. मूर्तीला रंग चढतो, तसा बहुतेक टिपांवर एक कठीण लेप चढवतात. तो माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. अशी टिप तळहातावर घेतली तर ती तेवढ्याच लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड लागते.

हिचा जन्म विजेच्या दिव्यासाठी झाला. दिव्यातली टंगस्टनची तार ओढण्यास हिऱ्याचे साचे लागत आणि ते फार महाग पडत. त्याला पर्याय शोधताना जर्मनीत ओसराम कंपनीच्या कार्ल श्रोटर यांनी हा पदार्थ सिद्ध केला आणि १९२३ साली त्याचे पेटंट झाले. पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने बाजारात आणला. १९२७ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांनी पाहिला. विडिया म्हणजे जर्मन भाषेत ‘हिऱ्यासारखा’. आपले जुने टर्नर आजही कोणत्याही कंपनीच्या टिपेला विडियाच म्हणतात. म्हणजे न कळत ते जर्मन बोलतात! १९६० साली सँडविक ही स्वीडिश कंपनी पुण्यात आली आणि ही वस्तू आपल्या दाराशीच तयार होऊ लागली.

त्यापूर्वी काय होते? टर्नर आपले हत्यार स्वतः घडवी. तो पोलादाची कांडी भट्टीत तापवी, तिला पाणी देई, रंग पाहून ती किती कडक झाली ते ओळखी आणि चाकावर धार लावी. धारेचा कोन त्याच्या डोळ्यांत असे. ती विद्या त्याच्या हातात होती, म्हणून मालकालाही त्याच्याशी सबुरीने बोलावे लागे. टिप आली आणि धार डबीत तयार मिळू लागली. कोन कोणता, कडकपणा किती, हे सारे कारखान्यात ठरून येते आणि डबीवर चार अक्षरे व काही आकडे छापलेले असतात. हातातली विद्या डबीवर गेली. ज्याला ती डबी वाचता येते तो आजही कारागीर आहे. ज्याला येत नाही तो केवळ यंत्राजवळ उभा असलेला माणूस आहे. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचा विस्तार आहे.

तर डबी वाचू या. पहिली खूण रंगाची आणि अक्षराची. निळा रंग आणि ‘पी’ म्हणजे साधे पोलाद. पिवळा आणि ‘एम’ म्हणजे स्टेनलेस. लाल आणि ‘के’ म्हणजे बीड. हिरवा आणि ‘एन’ म्हणजे ॲल्युमिनियम, पितळ यांसारखे धातू. तपकिरी ‘एस’ म्हणजे उष्णता सोसणारे मिश्रधातू आणि करडा ‘एच’ म्हणजे पाणी दिलेले कडक पोलाद. अक्षरापुढे आकडा असतो, १ पासून सुमारे ५० पर्यंत. लहान आकड्याची टिप कडक असते. ती झिजत नाही, पण धक्का बसला की तुटते. मोठ्या आकड्याची टिप चिवट असते. ती धक्का सोसते, पण लवकर झिजते. कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही पुरेपूर एकाच टिपेत मिळत नाहीत. माणसांतही सहसा मिळत नाहीत.

दुसरी खूण आकाराची. ‘सी एन एम जी १२०४०८’ असे लिहिलेले असते. ‘सी’ म्हणजे ८० अंशांचा शंकरपाळ्यासारखा आकार. ‘एन’ म्हणजे बाजूला उतार नाही, म्हणून ही टिप उलटूनही वापरता येते. ‘एम’ म्हणजे मापातला बारकावा. ‘जी’ म्हणजे मध्ये भोक आणि दोन्ही अंगांना कीस तोडणारी खाच. पुढे १२ म्हणजे बाजूची लांबी सुमारे १२ मिलिमीटर, ०४ म्हणजे जाडी ४.७६ मिलिमीटर आणि ०८ म्हणजे नाकाची गोलाई ०.८ मिलिमीटर. या टिपेला चार कोपरे मिळतात. ‘डब्ल्यू एन एम जी’ला सहा मिळतात, चौकोनी ‘एस एन एम जी’ला आठ. भाव विचारताना टिपेचा विचारू नका, कोपऱ्याचा विचारा. अनेकदा महाग टिप स्वस्त पडते.

निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. धातू कोणता, यंत्र कोणते, आणि कट कसा?

धातूचे आताच सांगितले. धाटावच्या पंपाचा शाफ्ट असेल तर पिवळी डबी उघडा. स्टेनलेसला घासलेले खपत नाही. घासले की त्याची कातडी आणखी कडक होते. म्हणून टिप तीक्ष्ण धारेची हवी, आणि फीड इतके बारीक नको की ती कापण्याऐवजी चोळत बसेल.

दुसरा प्रश्न यंत्राचा. हा प्रश्न कॅटलॉग विचारत नाही, कारण कॅटलॉग नव्या यंत्रासाठी लिहिलेला असतो. आपल्याकडच्या पुष्कळ वर्कशॉपमध्ये तीस-चाळीस वर्षांचे लेथ आहेत. तेथे कापण्याचा वेग मिनिटाला किती मीटर, याचा हिशेब करावा. रीत सोपी आहे. हव्या त्या वेगाला ३१८ ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, म्हणजे मिनिटाचे फेरे मिळतात. ५० मिलिमीटरचा शाफ्ट २०० मीटर वेगाने कापायचा तर सुमारे १२७२ फेरे हवेत. पण शाफ्ट २० मिलिमीटरचा असेल तर ३१८० फेरे हवेत, आणि ते जुन्या लेथला झेपणार नाहीत. वेग कमी पडला की पोलादाचा कण टिपेच्या धारेला चिकटतो, काम खरबरीत होते, आणि तो कण निघताना धारेचा कपचा घेऊन जातो. अशा लहान कामाला जुने हायस्पीड पोलादाचे हत्यार वापरण्यात कसलीही लाज नाही. जुना लेथ थरथरत असेल तर जिच्या बाजूला उतार आहे अशी ‘सी सी एम टी’ जातीची टिप घ्यावी. तिला जोर कमी लागतो. नाकाची गोलाईही लहान ठेवावी.

तिसरा प्रश्न कटाचा. अखंड गोल काम असेल तर कडक टिप चालेल. शाफ्टला चावीची खाच असेल तर प्रत्येक फेऱ्याला टिपेला ठोका बसतो. तेथे मोठ्या आकड्याची, चिवट टिप घ्यावी आणि वेग उतरवावा. काम गुळगुळीत हवे असेल तर फीड आणि नाकाची गोलाई यांचे नाते ध्यानात ठेवावे. ०.८ गोलाईच्या टिपेने फेऱ्याला ०.२ मिलिमीटर फीड दिले तर हिशेबाने सुमारे सव्वासहा मायक्रॉन खोलीची रेघ उठते. फीड दुप्पट केले तर रेघ दुप्पट होत नाही, चौपट होते, म्हणजे २५ मायक्रॉन.

आता वापराविषयी थोडे. टिप बसवण्यापूर्वी तिची बैठक पुसावी. किसाचा एक कण खाली राहिला तरी टिप अधांतरी बसते आणि तडकते. स्क्रू बरोबर आलेल्या किल्लीनेच आवळावा, तिला नळी लावून नव्हे. हत्यार टूलपोस्टाबाहेर जरुरीपेक्षा अधिक काढू नये. कट चालू असताना चक थांबवू नये. थंड पाणी सोडायचे तर भरपूर आणि अखंड सोडावे, नाही तर मुळीच सोडू नये. मधूनच शिंतोडा मारला तर तापलेल्या टिपेला केसासारख्या भेगा पडतात.

आणि वापरलेली टिप फेकण्यापूर्वी वाचावी. वैद्य नाडी पाहतो, तशी टर्नरने टिप पाहावी. धारेच्या बाजूला सरळ, सारखी झीज दिसली तर सारे ठीक चालले आहे. ती सुमारे ०.३ मिलिमीटर झाली की कोपरा बदलावा. वरच्या अंगाला खळगा पडला तर वेग फार झाला. धातू चिकटला तर वेग फार कमी झाला. कपचे उडाले तर टिप फार कडक आहे किंवा काम हलते आहे. नाक दबून बसले तर उष्णता आणि दाब दोन्ही असह्य झाले. किसाकडेही पाहावे. इंग्रजी सहा किंवा नऊच्या आकड्यासारखा तुटका कीस चांगला. लांब फितीसारखा कीस हाताला गुंडाळला तर हात जायबंदी होतो.

हे सर्व वाचता आले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. एका कारखान्याच्या दुरुस्ती विभागात एका टर्नरला तीन मेमो मिळाले. आरोप असा की तो निष्काळजीपणाने टिपा तोडतो. त्यांची किंमत पगारातून का कापू नये, असा प्रश्न होता. माणूस वीस वर्षांचा जुना. मी त्याला एवढेच सांगितले की पुढच्या आठवड्यातल्या तुटक्या टिपा टाकू नकोस, काड्यापेटीत घालून आण, आणि डबीही आण. त्याने आणल्या. डबी निळी, ‘पी १०’. काम स्टेनलेसच्या शाफ्टचे, आणि शाफ्टला चावीची खाच. म्हणजे धातू एक आणि टिप दुसऱ्याच धातूची, शिवाय अतिकडक, आणि वर फेऱ्याफेऱ्याला ठोका. देवाने येऊन लेथ चालवला असता तरी ती टिप तुटलीच असती. खरेदी खात्याने जी स्वस्त मिळाली ती सर्व कामांना मिळून एकच टिप आणली होती. बैठकीत आम्ही भाषण केले नाही. टेबलावर काड्यापेटी उपडी केली, शेजारी डबी ठेवली आणि अक्षर वाचून दाखवले. मेमो परत घेतले गेले. त्याहून मोठी गोष्ट अशी, की टिपा मागवताना टर्नरचे मत घ्यावे असे लेखी ठरले. पुढे टिपांचा खर्च उतरला, हेही सांगितले पाहिजे. ज्ञान कामगाराच्या बाजूला आले म्हणजे कारखान्याचे नुकसान होते, हा समज खोटा आहे.

आता या विषयाची दुसरी बाजू. मघाशी हायस्पीड पोलादाचा उल्लेख केला. ते अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट यांनी बेथलेहेम स्टील कारखान्यात सिद्ध केले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची धार लाल होईपर्यंत पोलाद कापताना लोकांनी पाहिली. टेलर साधा माणूस नव्हता. शिकाऊ उमेदवार म्हणून तो यंत्रशाळेत आला, आणि धातू कसा कापला जातो याचे प्रयोग त्याने २६ वर्षे केले. त्यात सुमारे ८ लाख पौंड लोखंड-पोलादाचा कीस झाला. वेग वाढवला तर हत्याराचे आयुष्य किती घटते, याचे सूत्र आपण आजही त्याच्याच नावाने ओळखतो. कार्बाइडच्या टिपेचा वेग शेकडा २० ने वाढवला की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून “जरा चढव रे” असे जो सुपरवायझर म्हणतो, त्याने टिपांचा हिशेबही आपल्याच नावावर घ्यावा.

पण याच टेलरने स्टॉपवॉच हातात घेतले. कामगारांजवळ साठलेले परंपरेचे ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम करावेत आणि काम वरून ठरवून द्यावे, असे त्याने १९११ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडले. त्याच वर्षी वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतकामाच्या कामगारांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. अमेरिकन काँग्रेसने चौकशी केली. आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांत अशा वेळमोजणीवर पैसा खर्च करण्यास कायद्याने बंदी आली. आपल्या मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला, त्याच्याही मुळाशी एका माणसाने अधिक यंत्रे सांभाळावीत हा आग्रह होता. हत्याराचा वेग आणि माणसाचा वेग हे प्रश्न जुळे भाऊ आहेत.

यावर भावनेने बोलण्यापेक्षा अंकगणिताने बोलू. समजा, एका जॉबला १० मिनिटे लागतात. त्यांतली ४ मिनिटे लेथ कापतो आणि ६ मिनिटे माणूस जॉब बांधतो, मोजतो, उतरवतो. ४८० मिनिटांच्या पाळीत ४८ जॉब होतात. आता चांगली टिप आली आणि कापण्याची वेळ ४ वरून १ मिनिटावर आली. जॉब ७ मिनिटांचा झाला. पाळीत ६८ निघतात. मालक म्हणतो, “यंत्राने काम केले, तुझे काय गेले?” पाहा काय गेले. पूर्वी हातांचे काम २८८ मिनिटे होते, आता ४०८ झाले. पूर्वी यंत्र कापत असताना १९२ मिनिटे पाठ सरळ करायला मिळत. आता ६८ मिळतात. यंत्राने वाचवलेला प्रत्येक मिनिट माणसाच्या कमरेवर येऊन बसला. आम्ही नव्या टिपेला विरोध करत नाही, करूही नये. वाढलेल्या २० जॉबांचा वाटा मागतो, जड जॉब उचलण्यास हाताशी साधा चेन-पुली ब्लॉक मागतो, आणि विश्रांतीची वेळ कागदावर मागतो. ही मागणी ज्याला करायची आहे, त्याला हा हिशेब मांडता आलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट, आणि ती माझ्या मते सर्वांत निकडीची. पुष्कळ लहान वर्कशॉपमध्ये दांड्याला डाग देऊन बसवलेली विडिया अजून वापरतात आणि हिरव्या चाकावर तिला धार लावतात. त्या वेळी जी धूळ उडते तीत टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट दोन्ही असतात. ती श्वासातून फुप्फुसात जाते. तिने दम लागतो, खोकला जडतो आणि काहींची फुप्फुसे कायमची कडक होतात. कार्बाइडसह कोबाल्ट माणसात कर्करोगास बहुधा कारण ठरतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली नोंदवले आहे. तेव्हा कोरडे घासू नका. चाकाला धूळ ओढणारा पंखा लावा. योग्य मास्क वापरा, तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. आणि कपड्यांवरची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. घरच्या माणसाचे कामाचे कपडे घरात झटकू देऊ नका. ते वेगळे धुवा. खोकला महिनाभर राहिला तर डॉक्टरला “तो विडिया घासतो” हे आवर्जून सांगा. हे एक वाक्य सांगितले नाही तर डॉक्टर दमा समजून औषध देतील.

झिजलेली टिपही लोखंडाच्या भंगारात टाकू नका. टंगस्टन पृथ्वीवर विपुल नाही. जगातला बहुतांश चीनमध्ये निघतो, आणि कोबाल्ट बव्हंशी काँगोमधून येतो, जेथे लहान मुलेही खाणीत राबल्याचे उघड झाले आहे. राजस्थानातील देगाण्याची आपली टंगस्टनची खाण बंद पडली. वापरलेल्या टिपा वेगळ्या साठवल्या तर त्यांना लोखंडाच्या कितीतरी पट भाव येतो आणि त्यांतला धातू पुन्हा कामी येतो.

शेवटी एक मागणे मागतो. आपल्या तालुक्यांतील आय.टी.आय.चे शिक्षक, वर्कशॉपचे मालक आणि युनियन यांनी मिळून महिन्यातून एक रविवार द्यावा. एका फळीवर झिजलेल्या, तुटलेल्या, भाजलेल्या टिपा ओळीने चिकटवाव्यात आणि प्रत्येकीखाली मराठीत लिहावे, ही अशी का झाली. कोणत्याही मुलाने येऊन ती वाचावी. यासाठी इमारत नको, देणगी नको. एक फळी आणि थोडा गोंद पुरे. वाचनालयांनी गावाला पुस्तक वाचायला शिकवले. आता आपण धार वाचायला शिकू. ज्या दिवशी पेण-रोह्याचा टर्नर डबी हातात घेऊन “ही टिप या कामाची नाही” असे सांगेल आणि त्याचे कारणही सांगेल, त्या दिवशी त्याला कोणी सहजासहजी मेमो देणार नाही.